वेर्नर फोर्समान

वेर्नर थिओडोर ओटो फोर्समान (२९ ऑगस्ट १९०४, बर्लिन – १ जून १९७९, शॉप्फहाइम) हे जर्मन शल्यचिकित्सक व मूत्ररोगतज्ज्ञ होते. १९२९ साली त्यांनी स्वतःच्या दंडातील शिरेतून एक लवचिक नळी थेट हृदयाच्या उजव्या अलिंदापर्यंत नेली आणि क्ष-किरण छायाचित्र काढून ते सिद्ध केले. जिवंत माणसाच्या हृदयात शिरेवाटे नळी सुरक्षितपणे नेता येते, हे त्या छायाचित्राने प्रथम दाखवून दिले. या कार्यासाठी त्यांना १९५६ सालचे शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिक आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्स यांच्यासमवेत विभागून देण्यात आले.

हृद्रोगनिदानाचे एक मूळ म्हणून फोर्समान यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. मात्र त्यांचा मूळ हेतू निदानाचा नसून औषधोपचाराचा होता. मोठ्या शिरेत नळी ठेवून उपचार करण्याची पद्धत आज अतिदक्षता विभाग, कर्करोगोपचार आणि डायलिसिस या सर्व ठिकाणी वापरली जाते. या पद्धतीबरोबर आलेला जंतुसंसर्गाचा धोका आणि त्यावरील उपाय हाही या वारशाचाच भाग आहे.

जन्म व शिक्षण

फोर्समान यांचा जन्म बर्लिन येथे झाला. त्यांचे वडील युलिउस फोर्समान वकील होते. पहिल्या महायुद्धात वडिलांचा मृत्यू झाला, तेव्हा वेर्नर शाळकरी वयात होते. पुढील संगोपन आई एमी यांनी केले. शालेय शिक्षण संपवून त्यांनी १९२२ साली बर्लिन विद्यापीठात वैद्यकशास्त्राच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतला. पदवी परीक्षेनंतर शल्यचिकित्सेच्या प्रशिक्षणासाठी ते बर्लिनच्या ईशान्येस असलेल्या एबर्सवाल्ड या लहान गावातील ऑगस्टे व्हिक्टोरिया रुग्णालयात रुजू झाले.

प्रयोगाची पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदय हे वैद्यकाच्या दृष्टीने जवळजवळ अस्पर्श्य इंद्रिय होते. हृदयाची गती मंदावलेल्या किंवा थांबलेल्या रुग्णास शेवटचा उपाय म्हणून छातीच्या भिंतीतून सुई खुपसून औषध थेट हृदयात दिले जाई. या पद्धतीत हृदयाच्या रक्तवाहिन्या किंवा फुप्फुस यांना इजा होण्याचा मोठा धोका असे. दंडातील लहान शिरेतून दिलेले औषध मात्र रक्ताभिसरण मंदावले असता हृदयापर्यंत वेळेवर पोहोचत नसे.

या अडचणीवर फोर्समान यांना सुचलेला उपाय जुन्या प्रयोगावर आधारलेला होता. ओग्युस्त शोव्हो व एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १८६० च्या दशकात घोड्याच्या मानेतील शिरेतून हृदयात नळी घालून तेथील दाब मोजला होता. त्या प्रयोगाचे चित्र फोर्समान यांच्या पाहण्यात आले होते. घोड्याच्या हृदयात जे शक्य झाले ते माणसाच्या हृदयात का होऊ नये, असा त्यांचा विचार होता. मानेऐवजी कोपराजवळची शीर निवडल्यास रुग्णाला कमी त्रास होईल, असेही त्यांना वाटत होते.

एबर्सवाल्ड येथील प्रयोग

फोर्समान यांनी आपली कल्पना शल्यविभागाचे प्रमुख रिचर्ड श्नायडर यांच्यापुढे मांडली. श्नायडर यांना कल्पना रोचक वाटली. परंतु रुग्णावर किंवा स्वतःवर असा प्रयोग करण्यास त्यांनी मनाई केली. फोर्समान यांनी ही मनाई पाळली नाही.

१९२९ सालच्या उन्हाळ्यात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी प्रयोग केला. शोधनिबंधातील माहितीनुसार पहिल्या प्रयत्नात एका सहकाऱ्याने त्यांना मदत केली. नळी सुमारे ३५ सेंटिमीटर आत गेल्यावर तो सहकारी धास्तावला आणि प्रयोग थांबवावा लागला. सुमारे आठवड्याभराने फोर्समान यांनी तो स्वतःच पूर्ण केला.

फोर्समान यांनी पुढे आत्मचरित्रात या प्रसंगाचा अधिक तपशील दिला आहे. शस्त्रक्रियेच्या निर्जंतुक साहित्याच्या किल्ल्या गेर्डा डिट्झेन या परिचारिकेकडे असत. तिला विश्वासात घेतल्याशिवाय साहित्य मिळणे शक्य नव्हते. कल्पना समजल्यावर तिने प्रयोगासाठी स्वतःची तयारी दाखवली. फोर्समान यांनी होकार दिल्यासारखे दाखवून तिचे हातपाय शस्त्रक्रियेच्या टेबलास बांधले आणि तिची दिशाभूल करून स्वतःच्या डाव्या कोपराजवळ बधिरतेचे औषध टोचले. शीर उघडून नळी बरीच आत गेल्यावरच त्यांनी परिचारिकेस मोकळे केले.

वापरलेली नळी हृदयासाठी बनवलेली नव्हती. ती मूत्रवाहिनीत घालण्याची, म्हणजे मूत्रपिंडापर्यंत पोहोचणारी, बारीक व लवचिक नळी होती. ती तशीच शिरेत ठेवून फोर्समान क्ष-किरण विभागापर्यंत चालत गेले. तेथे परिचारिकेने धरलेल्या आरशात पडद्यावरील प्रतिमा पाहत त्यांनी नळी पुढे सरकवली. सुमारे ६५ सेंटिमीटर आत गेल्यावर तिचे टोक उजव्या अलिंदात पोहोचले. नळीची लांबी तेथे संपली. पुरावा म्हणून छायाचित्र घेण्यात आले. नळी सरकताना किंचित उष्णता जाणवण्यापलीकडे त्यांना वेदना झाली नाही.

शोधनिबंध व पहिला रुग्ण

नियमभंगाबद्दल नाराजी व्यक्त केल्यानंतरही श्नायडर यांनी प्रयोगाचे महत्त्व ओळखले. त्यांच्या संमतीने फोर्समान यांनी ही पद्धत एका मरणासन्न रुग्ण स्त्रीवर वापरली. अपेंडिक्स फुटल्याने तिच्या उदरपोकळीत सर्वत्र पू पसरला होता. शिरेतील नळीवाटे तिला ग्लुकोजचे द्रावण व हृदयास उत्तेजन देणारी औषधे देण्यात आली. तात्पुरती सुधारणा दिसली, परंतु ती वाचू शकली नाही. त्या काळी अशा संसर्गावर प्रतिजैविके उपलब्ध नव्हती. अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा पेनिसिलिनविषयीचा पहिला निबंध १९२९ सालीच प्रसिद्ध झाला होता. पेनिसिलिन औषध म्हणून रुग्णांपर्यंत पोहोचण्यास आणखी एक तप लागले.

फोर्समान यांचा उजव्या हृदयात नळी घालण्याविषयीचा निबंध नोव्हेंबर १९२९ मध्ये ‘क्लिनिशे वोखेनश्रिफ्ट’ या जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांनी त्याला सनसनाटी स्वरूप दिले. बर्लिनमधील शल्यचिकित्सक एर्न्स्ट उंगर यांनी, आपण व फ्रिट्झ ब्लाइश्र्योडर यांनी १९१२ सालापूर्वीच माणसाच्या रक्तवाहिन्यांत नळ्या घातल्या होत्या, असा दावा केला. मात्र त्या प्रयोगांत नळी हृदयात पोहोचल्याचा क्ष-किरण पुरावा नव्हता.

शारिते रुग्णालय व पुढील संशोधन

१९२९ च्या शरद ऋतूत फोर्समान बर्लिनच्या शारिते रुग्णालयात फर्डिनांड झाउअरब्रुख यांच्या विभागात गेले. झाउअरब्रुख हे त्या काळातील जर्मनीतील सर्वांत प्रभावी शल्यचिकित्सक होते. निबंधाभोवती उठलेल्या गदारोळानंतर फोर्समान यांना तेथून काढून टाकण्यात आले आणि ते एबर्सवाल्डला परतले. काही काळाने त्यांना पुन्हा शारितेमध्ये जागा मिळाली, पण संशोधनास अपेक्षित पाठबळ मिळाले नाही.

या काळात त्यांनी नळीतून क्ष-किरणांना अपारदर्शक द्रव सोडून उजव्या हृदयाची प्रतिमा मिळवण्याचे प्रयोग प्राण्यांवर व स्वतःवरही केले. त्याविषयीचा निबंध १९३१ साली प्रसिद्ध झाला. आज सर्वपरिचित असलेल्या अँजिओग्राफीच्या इतिहासात या प्रयोगांना आरंभीचे स्थान आहे.

प्राग येथील ओटो क्लाइन यांनी १९३० साली ही पद्धत हृदयातून वाहणाऱ्या रक्ताचे प्रमाण मोजण्यासाठी रुग्णांवर वापरली. जर्मनीत मात्र तिच्याकडे दुर्लक्ष झाले.

माइन्झ येथील रुग्णालयात काम करताना फोर्समान यांची एल्स्बेट एंगेल या डॉक्टरांशी ओळख झाली. १९३३ साली त्यांचा विवाह झाला. त्यांना सहा अपत्ये झाली. हृदयविषयक संशोधनाची वाट बंद झाल्याने फोर्समान यांनी बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्शो रुग्णालयात कार्ल हॉइश यांच्या हाताखाली मूत्ररोगशास्त्राचे विशेष प्रशिक्षण घेतले. पत्नीही मूत्ररोगतज्ज्ञ झाल्या. पुढे त्यांनी ड्रेस्डेन व बर्लिन येथील रुग्णालयांत वरिष्ठ पदांवर काम केले.

नाझी पक्षाचे सदस्यत्व व युद्धकाळ

फोर्समान १९३२ ते १९४५ या काळात नाझी पक्षाचे सदस्य होते. हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीच त्यांनी पक्षप्रवेश केला होता. त्यांच्या चरित्रातील ही बाब त्यांच्या वैज्ञानिक कार्याइतकीच नोंदली जाते. ज्या राजवटीत वैद्यकीय प्रयोगांच्या नावाखाली बंदिवानांवर अत्याचार झाले, त्या राजवटीच्या पक्षाचे सदस्यत्व आणि केवळ स्वतःच्या शरीरावर धोका पत्करून केलेला प्रयोग या दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यात आढळतात. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले. युद्धाच्या अखेरीस ते अमेरिकी सैन्याच्या ताब्यात युद्धकैदी होते.

युद्धोत्तर काळ व नोबेल पारितोषिक

सुटकेनंतर पक्षसदस्यत्वामुळे फोर्समान यांना काही काळ वैद्यकीय व्यवसाय करण्यास बंदी होती. कुटुंब श्वार्त्सवाल्ड या डोंगराळ भागात राहत होते. तेथे पत्नीने ग्रामीण रुग्णसेवा सांभाळली. बंदी उठल्यावर तेही त्यात सहभागी झाले. १९५० साली ते बाड क्रॉइत्स्नाख या गावी मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून काम करू लागले.

दरम्यान न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात कूर्नां व रिचर्ड्स यांनी फोर्समान यांची पद्धत हाती घेऊन ती विकसित केली. १९४१ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांमुळे हृदयातील दाब, रक्तप्रवाह व जन्मजात दोष यांचे निश्चित मापन शक्य झाले आणि हृदयशस्त्रक्रियेस भक्कम आधार मिळाला. १९५४ साली बर्लिनच्या जर्मन विज्ञान अकादमीने फोर्समान यांना लायब्निट्स पदक दिले. १९५६ साली नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा ते एका लहान गावात साधे वैद्यकीय व्यावसायिक होते.

उत्तरायुष्य

१९५८ साली फोर्समान यांची ड्युसेलडॉर्फ येथील एका रुग्णालयात शल्यविभागाचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. अर्जेंटिनातील कोर्डोबा येथील राष्ट्रीय विद्यापीठाने त्यांना १९६१ साली मानद प्राध्यापकपद दिले. हृद्रोगशास्त्र या अवधीत इतके पुढे गेले होते की, त्या क्षेत्रात पुन्हा संशोधन करणे त्यांना शक्य झाले नाही. त्यांचे आत्मचरित्र १९७२ साली जर्मन भाषेत प्रकाशित झाले. १ जून १९७९ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अपत्यांपैकी वोल्फ-गेओर्ग यांनी मूत्रपिंडाशी संबंधित युरोडायलाटिन या पेप्टाइडचा शोध लावला, तर बेर्न्ड यांनी मूतखडे शरीराबाहेरून फोडणाऱ्या यंत्राच्या विकासात भाग घेतला.

वारसा : शिरेतील नळी व डायलिसिस

फोर्समान यांनी स्वतः डायलिसिसवर संशोधन केले नाही. मात्र डायलिसिससाठी आज वापरली जाणारी नळी त्यांनी दाखवलेल्या मार्गानेच जाते.

विलेम कोल्फ यांनी १९४३ साली नेदरलँड्समधील कांपेन येथे कृत्रिम मूत्रपिंडाचा रुग्णावर वापर सुरू केला. प्रत्येक वेळी नव्या रक्तवाहिन्या उघडाव्या लागत असल्याने थोड्याच सत्रांत जागा संपून जाई. १९६० साली सिअ‍ॅटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हाताच्या धमनी व शिरेत कायम राहणारी टेफ्लॉनची जोडनळी वापरली. १९६१ साली लंडनमध्ये स्टॅन्ली शाल्डन यांनी मांडीतील रक्तवाहिन्यांत नळ्या घालून डायलिसिस केले. १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी धमनी व शीर शस्त्रक्रियेने जोडून फिस्टुला तयार करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. दीर्घकालीन डायलिसिससाठी फिस्टुला आजही सामान्यतः सर्वांत सुरक्षित मार्ग मानला जातो.

तथापि फिस्टुला वापरण्याजोगा होण्यास काही आठवडे ते महिने लागतात आणि काही रुग्णांच्या शिरा त्यासाठी योग्य नसतात. अशा वेळी मानेतील मोठ्या शिरेत दोन मार्गांची नळी बसवतात. दीर्घकाळ ठेवायची नळी त्वचेखालील बोगद्यातून नेतात आणि तिचे टोक बहुधा उजव्या अलिंदात ठेवतात. १९२९ सालच्या छायाचित्रात फोर्समान यांच्या नळीचे टोक याच कप्प्यात दिसते. फोर्समान यांची नळी थोड्याच वेळात काढून घेण्यात आली. डायलिसिसची नळी मात्र महिनोन् महिने शरीरात राहते. जंतुसंसर्गाची समस्या येथूनच सुरू होते.

नळीतील जंतुसंसर्ग

त्वचा ही जंतूंविरुद्धची पहिली तटबंदी आहे. नळी ती ओलांडते. डायलिसिसच्या प्रत्येक सत्रात नळीची टोके उघडावी लागतात आणि त्या वेळी त्वचेवरील किंवा हातावरील जंतू आत शिरू शकतात. नळीच्या आतील पृष्ठभागावर जंतू चिकटतात व स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. या थरास बायोफिल्म म्हणतात. त्यातील जंतू मारण्यास लागणारी प्रतिजैविकाची तीव्रता मोकळ्या जंतूंच्या तुलनेत शेकडो पट अधिक असू शकते. रक्तात इतकी तीव्रता निर्माण करणे रुग्णास घातक ठरेल. त्यामुळे शिरेवाटे दिलेल्या औषधाने ताप उतरतो, रक्तातील जंतू नाहीसे होतात. परंतु औषध थांबवताच बायोफिल्ममधील जंतू पुन्हा रक्तात येतात.

नळी काढून टाकणे हा खात्रीचा उपाय आहे. मात्र नियमित डायलिसिसवर जगणाऱ्या रुग्णासाठी ती नळी जीवनवाहिनी असते. वारंवार नळ्या बदलल्याने मोठ्या शिरा अरुंद होतात किंवा बंद पडतात व पुढील उपचारांसाठी जागाच उरत नाही.

प्रतिजैविक लॉक

या पेचातून प्रतिजैविक लॉक ही पद्धत पुढे आली. दोन डायलिसिस सत्रांच्या मधल्या काळात नळीत रक्त गोठू नये म्हणून तिच्या पोकळीत हेपारिन किंवा सायट्रेटचे द्रावण भरून ठेवण्याची प्रथा आहे. या द्रावणात तीव्र मात्रेतील प्रतिजैविक मिसळले की ते तासन् तास बायोफिल्मच्या संपर्कात राहते. नळीच्या प्रत्येक मार्गात मावणारे द्रावण थोड्या मिलिलिटरइतकेच असल्याने रक्तात जाणारे औषध अल्प असते. पुढील सत्रापूर्वी ते द्रावण शोषून बाहेर काढतात व सत्रानंतर नवे भरतात. फ्रान्समधील बेर्नार मेसिंग व सहकाऱ्यांनी १९८८ साली शिरेवाटे पोषण घेणाऱ्या रुग्णांसाठी या तंत्राचे वर्णन केले. पुढे ते डायलिसिसमध्येही रूढ झाले.

जंतूच्या प्रकारानुसार व्हॅन्कोमायसिन, सेफाझोलिन, सेफ्टाझिडीम किंवा जेंटामायसिन यांसारखी औषधे निवडली जातात. लॉक हा एकटा उपचार नाही. रक्तातील जंतूंसाठी शिरेवाटे प्रतिजैविके द्यावीच लागतात. दोन्ही उपचार साधारणपणे १० ते १४ दिवस एकत्र चालतात. ग्रॅम-ऋण जंतू व त्वचेवरील सौम्य स्टॅफिलोकॉकस यांच्या संसर्गात नळी वाचण्याची शक्यता चांगली असते. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या संसर्गात हे यश सुमारे निम्म्याच रुग्णांत मिळते आणि हा जंतू हृदयाच्या झडपांना व हाडांना गाठू शकतो. म्हणून हा जंतू, स्यूडोमोनास किंवा कँडिडा ही बुरशी आढळल्यास, नळीच्या बोगद्यात पू झाल्यास किंवा रुग्णाचा रक्तदाब खालावल्यास नळी काढणेच हितावह मानले जाते.

संसर्ग टाळण्यासाठीही लॉक वापरतात. मात्र त्यासाठी नेहमीची प्रतिजैविके सतत वापरल्यास प्रतिरोधी जंतू वाढण्याची भीती असते. जेंटामायसिनसारखे औषध रक्तात झिरपून श्रवणशक्तीस अपाय करू शकते. त्यामुळे टॉरोलिडीनसारख्या, प्रतिजैविक नसलेल्या जंतुनाशकांकडे लक्ष वळले. टॉरोलिडीन व हेपारिन यांच्या मिश्रणास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डायलिसिसच्या मर्यादित प्रौढ रुग्णगटासाठी मान्यता दिली. तरीही हातांची स्वच्छता, नळीच्या टोकांचे निर्जंतुकीकरण व शक्य तितक्या लवकर फिस्टुलाची व्यवस्था हेच प्रतिबंधाचे मुख्य उपाय आहेत.

मूल्यमापन

फोर्समान यांच्या प्रयोगास काही जण बेफिकीर धाडस मानतात, तर काही जण निःस्वार्थ वैज्ञानिक वृत्तीचे उदाहरण. त्यांनी वरिष्ठांची आज्ञा मोडली व परिचारिकेची दिशाभूल केली. आजच्या संशोधननीतीत अशा वर्तनास स्थान नाही. मात्र धोका त्यांनी दुसऱ्यावर टाकला नाही. औषध हृदयापर्यंत सुरक्षितपणे पोहोचवणारा मार्ग शोधणे हे त्यांचे उद्दिष्ट होते व ते साध्य झाले. तो मार्ग दीर्घकाळ उघडा राहिल्यास जंतूही त्याच वाटेने जातात, हे पुढील पिढ्यांच्या लक्षात आले. त्या नळीतच औषध कोंडून ठेवण्याचे तंत्र हा त्यांच्या कार्यातून उद्भवलेल्या प्रश्नावरचा एक उपाय आहे.